सोपे प्रश्न आधी

पनवेलला मी पंधरा वर्षं शिकवण्या घेतल्या. "सोपे प्रश्न आधी सोडवा, अवघड मागाहून बघा," हे मी पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की पोरं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करायची. करू देत. मार्क मिळत होते ना? मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू!

शेजारच्या इमारतीतल्या भाभींची मुलगी माझ्याकडे यायची. भाभींचा नवरा कुवेतला. लग्नामुळे भाभींचं बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलेलं. आता खारघरच्या एका शाळेत त्यांना शिक्षिकेची जागा मिळत होती, पण जूनच्या आत पदवी पूर्ण हवी होती. एकाच विषयाची क्रेडिट्स बाकी होती. कॉलेज म्हणालं, आमच्या यादीतला ऑनलाइन कोर्स घरबसल्या पास व्हा, क्रेडिट्स धरू. वर्ग नाही, वेळापत्रक नाही, आपल्या सवडीनं शिका. शेवटची परीक्षा मात्र एकदाच.

"टीचर, सवड म्हणजे काय असते हो?" भाभींनी मला विचारलं. "सासूबाईंचं पथ्य, पोरीचा डबा, पाहुणेरावळे. माझी सवड कुणी बघितलीय?"

मग काय, मी कंबर कसली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर धड्यांचे दिवस आखून दिले. व्हिडिओ बघायचा, बंद करायचा आणि भाकऱ्या थापताना तोच धडा स्वतःला मोठ्यानं समजावून सांगायचा. वहीत लिहायचं ते आपल्या शब्दांत. प्रत्येक धड्याअखेर सरावाची चाचणी असायची, आणि तिथं माझी युक्ती झकास चालली. येतात ते प्रश्न आधी, अडलेल्यांचे नंबर कागदावर, मग मागे येऊन सावकाश. भाभींचे मार्क चढत गेले आणि मी फुगत गेले.

परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी सायबर कॅफेतून नियमांची पानं छापून आणली आणि माझ्या हातात दिली. "माझं इंग्रजी कच्चं आहे, टीचर. तुम्ही वाचून सांगा." पहिलं पान मी वाचलं. कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा कुणाचं बोलणं ऐकू आलं तर परीक्षा रद्द. बाकीची पानं पर्समध्ये कोंबली. परीक्षा कशी द्यायची हे मला कोण शिकवणार?

परीक्षेच्या दिवशी सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं, मुलगी शाळेत गेली. दारावर कुणी आलं तर परतवायला मी होतेच. लक्ष विचलित होऊ नये म्हणून भाभींचं टेबल मीच भिंतीला लावून दिलं. अकराला त्यांनी "बिस्मिल्लाह" म्हटलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथून भाभी बाजूनं दिसत होत्या, त्यांचा कच्चा कागदही.

नुसतं किती वेळ बसणार? पर्समधली पानं काढली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, सरावाच्या चाचण्यांसारखी ही परीक्षा नाही, प्रश्न सोडून पुढे गेलात की त्याच्याकडे परत येता येणार नाही.

मी ताडकन उठले. बाहेर पाहिलं तर भाभी कागदावर नंबर लिहीत होत्या. एक. थोड्या वेळानं आणखी एक. अगदी मी शिकवलं तसं, नीटनेटकं, एकाखाली एक.

बोलले तर परीक्षा रद्द. जवळ गेले तर कॅमेऱ्यात दिसणार. समोर चिठ्ठी धरावी तर समोर भिंत. मी ओट्यावर एक वाटी आपटली, निदान मान वळवतील म्हणून. भाभींनी मान वळवली नाही. डावा हात वर करून मला गप्प राहायची खूण केली आणि अजून एक नंबर लिहिला. मी तोंडात पदर कोंबून उभी राहिले. अगं बाई, दे ना काहीतरी उत्तर, चुकीचं दे, पण दे! मनातल्या मनात किंचाळत होते मी. दुसरं काय करणार होते?

शेवटचा प्रश्न सोडवून भाभी हसल्या. कागद पुढे ओढला, बोटं मोडली आणि मागे जायचं बटण शोधू लागल्या. वर शोधलं, खाली शोधलं. मग पडद्यावर निकालच आला. पन्नासपैकी पंचवीस बरोबर, हवे होते तीस. तेवीस प्रश्न कोरे.

मी बाहेर आले तेव्हा त्या रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. "या अल्लाह, मागे जाऊच देत नाहीत! असं नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं ना, टीचर? तुम्ही तर सगळं वाचलं होतंत."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं.

"नव्हतं," म्हणाले.

"मग ही त्यांची फसवणूक आहे," भाभी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. "तक्रार करू या. पुन्हा परीक्षा घ्यावीच लागेल त्यांना. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्हीच लिहा."

त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. अशी सूचना आम्हाला कुठेही दिलेली नव्हती, असं मी इंग्रजीत लिहिलं. भाभी खांद्याशी उभ्या होत्या. मराठीत सांगा म्हणाल्या, तेव्हा मी ते वाक्य मराठीत सांगितलं.

"हां," त्या म्हणाल्या, "हे बरोबर लिहिलंत. आता पाठवा."