आत्मारामचा तळहात

आत्माराम चेणे गावाहून बसने येतो. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटातून आत शिरतो, तेव्हा हातात एक बादली असते. बादलीत जुन्या बनियनचे मऊ तुकडे, पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर, ओरखडे घासून काढायच्या रबिंग पेस्टचा डबा आणि मेणाचा डबा. मशीन नाही. मशीनने गाडी लवकर चमकते, पण कडांना रंग जळतो, असे त्याचे म्हणणे.

तो मूळचा माणगावकडचा. वय पन्नाशीच्या पुढे. गाड्यांवरचे बारीक ओरखडे घालवायचे आणि मंद पडलेला रंग उजळायचा, हे काम तो गेली तीस वर्षे करतो आहे. काशिमिऱ्याच्या ज्या गॅरेजात तो शिकला, तिथला मिस्त्री त्याच्या डोळ्यांवर फडके बांधायचा आणि गाडीच्या दारावर वाळूचा एकच कण ठेवून म्हणायचा, "शोध." सापडेपर्यंत चहा नाही.

माझी निळी गाडी आठ वर्षांची. खाडीवरून येणारा खारा वारा, रस्त्याची धूळ आणि ऊन, यांनी तिचा रंग राखेसारखा झाला होता. त्यात पार्किंगच्या पिवळ्या खांबाला मी दार घासले.

"रंग गेला का हो, आत्माराम?"

"गेला नाय साहेब. झोपलाय."

"आणि हे पिवळं?"

"ते खांबाचं. वर बसलंय नुसतं. खाली तुमचा निळा हाय तसाच हाय."

गाडी धुतली की तो आधी डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवतो. घाई नाही. झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे कण चिकटला आहे, कुठे ओरखडा वरवरचा आहे, सगळे त्याला हाताला कळते. सोसायटीतल्या इतरांच्या गाड्यांशेजारी उभा राहून मी कित्येक रविवार ते पाहिले आहे. बॉनेटवर आकाश हळूहळू उतरत असते.

या वेळी मात्र तो वाकला आणि त्याने बॉनेटला गाल टेकला. डोळे मिटून तसाच राहिला.

"काय आत्मारामशेठ," आमचा वॉचमन शिवा ओरडला, "गाडीचा मुका घेताय की काय?"

आत्माराम हसला नाही. शिवा गेटाकडे गेल्यावर त्याने मला सांगितले. शुगरने त्याची बोटे बधिर झाली होती. चहाचा ग्लास गरम की गार, तेही कळत नव्हते. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका सोसायटीत फडक्याखाली कण राहिला. त्याला कळलेच नाही, तो घासत राहिला. दारभर रेघा उठल्या. त्या घालवता घालवता रंगच कापला गेला आणि खालचे पांढरे अस्तर दिसू लागले. तिथे आता त्याला येऊ देत नाहीत.

"गालाला कळतं अजून," तो म्हणाला. "तुमच्या गाडीवर बघतो साहेब. नाय जमलं, तर बादली ठेवून देतो. कुठंतरी गेटवर खुर्ची टाकून बसायचं, शिवासारखं."

मी बरे म्हणालो.

बॉनेट झाले. दाराशी आल्यावर अडले. खालच्या बाजूला गाल लावायला तो जमिनीवर आडवा झाला, मान अवघडली, उठून बसला. फडके हातात धरून बराच वेळ दाराकडे पाहत राहिला. मग बादली उचलून गेला. आठवडाभर मी गॅलरीतून गाडी पाहत होतो. राखेत निळ्याचा एक तुकडा. वरून पाहिले की वाटायचे, कुठल्यातरी तळ्याचे पाणी तिथे येऊन थांबले आहे आणि पुढे जायचे विसरले आहे.

पुढच्या रविवारी आत्माराम आला तो बायकोला घेऊन. शेवंती घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते.

"मला सांगतच नव्हते," ती मला म्हणाली. "तव्याला बोट चिकटलं, वास आला, तरी हे आपले गप्प. तेव्हा पकडलं मी."

"साहेबांना घरचं कशाला सांगतेस? हात फिरव. हळू. पीठ नाय मळत आपण."

"मला शिकवू नका. साडीच्या काठात केस अडकला तरी कळतो मला."

तिने दारावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"डोळे कशाला मिटलेस?"

"तुम्ही नाय मिटत? तीस वर्षं गाड्यांवर उभ्याउभ्या झोपा काढल्या, मी जरा मिटले तर चौकशी."

आत्माराम हसला. तिचा हात सरकत होता. हँडलच्या खाली थांबला.

"इथं. तिळाएवढं काहीतरी."

त्याने वाकून पाहिले, ओल्या फडक्याने कण उचलला. मग ती पुढे, तो मागे. ती सांगायची, तो घासायचा. किती दाबायचे, कधी थांबायचे, ते त्याच्या खांद्याला ठाऊक होते. खांबाचा पिवळा निघाला. खालून निळा वर आला, खोल विहिरीत दुपारी पाणी दिसते तसा. त्यात समोरची बिल्डिंग, तिच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आणि या दोघांचे चेहरे हलत होते. कुठेही पांढरे दिसले नाही.

"झालं," आत्माराम म्हणाला आणि फडके झटकले.

"कोण म्हणतं?" शेवंती खाली बसून चाकाजवळच्या कडेवर हात फिरवत होती. "इथं राहिलंय अजून."

"कुठं?"

तिने त्याचे मनगट धरले आणि त्याचा हात नेमका त्या जागी नेऊन ठेवला. त्याच्या बोटांना काही लागले की नाही, कोण जाणे. त्याने फडके पुन्हा भिजवले आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला.