खुंटीवरचा शर्ट

लेक हाताखालच्या माणसांशी कशी वागत असेल, ही काळजी काही केल्या आईच्या मनातून जात नव्हती. महिन्यापूर्वी चष्म्याच्या कारखान्यात लेक काचा घासायच्या विभागाची प्रमुख झाली, तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं होतं. आज जेवणं उरकल्यावर लेकीकडून फोनवर एक फोटो आला, तो तिने मोठा करून पाहिला. भिंतीवर फळा, त्यावर चरे पडलेल्या काचा चिकटवलेल्या, प्रत्येक काचेखाली कारागिराचं नाव. लेकीने लिहिलं होतं, "तुझी खुंटी गं आई! चुका निम्म्यावर आल्या. विभाग कसा चिडीचूप झालाय. तीनला मोठे साहेब येतायत, फळा सगळ्या विभागांत लावायचा म्हणतायत."

खुंटी तिचीच होती. शर्ट शिवायच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ देखरेखीवर. बिघडलेला शर्ट दाराजवळच्या खुंटीला टांगायचा, वर शिवणारीचा नंबर लावायचा. जाता-येता सगळ्यांनी बघायचं. महिन्याभरात चुका घटल्या, मालकाने पाठ थोपटली. ही गोष्ट तिने घरी जेवताना इतक्यांदा सांगितली की नवरा म्हणायचा, आता मीठ वाढ, खुंटी पुरे.

पुढचं मात्र तिने कधीच सांगितलं नव्हतं.

कारखान्यात एक बाई मशीनवर बसली की गुणगुणायची, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणायच्या. हातात सफाई अशी की बघत राहावं. एकदा मूल तापाने फणफणलेलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि तिच्याकडून बाही उलटी लागली. आईला सगळं ठाऊक होतं. तरी शर्ट टांगला. रेडिओ बंद पडला. चौथ्या दिवशी तिने आपली कात्री पिशवीत टाकली आणि काम सोडून निघून गेली. दोन महिन्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे माल परत आला. चुका घटल्याच नव्हत्या. बायका बिघडलेले शर्ट नीट घडी घालून गठ्ठ्याच्या मधोमध सरकवत होत्या.

याहूनही जास्त लाज तिला वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. तिला स्वतःला कुणी असं वागवलं नव्हतं. ती नवी होती तेव्हा कापड कापणारे मास्तर सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. पहिल्याच आठवड्यात तिने कॉलर उलटी लावली आणि मुसमुसत बसली. मास्तरांनी तोच शर्ट अंगात चढवला आणि दिवसभर मिरवला. "कॉलर वाकडी असली तरी मान सरळ आहे ना माझी?" संध्याकाळी शर्ट काढून ते तिच्या शेजारी बसले. "आता सांग पोरी, गाडी कुठे चुकली?" आणि तिच्याच हातांनी उसवून, तिच्याच हातांनी नीट करून घेतला. त्यांच्या अंगावर रोज कुणाची ना कुणाची चूक असायची. बायका आपणहून येऊन म्हणायच्या, मास्तर, तुमच्यासाठी एक शिवलाय. लपवायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

मास्तर गेल्यावर त्यांची खुर्ची तिला मिळाली. बिघडलेला शर्ट अंगात घालायचा मात्र तिला कमीपणा वाटला.

लेक लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात यायची आणि खुंटीखालीच अभ्यासाला बसायची. तिने खुंटी पाहिली होती. मास्तर तिने कधी पाहिलेच नव्हते.

अडीच वाजले. आईने "छान" असं लिहिलं आणि पुसलं. मग "लावू नकोस" असं लिहिलं, तेही पुसलं. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून काय झालं म्हणून विचारलं.

"पोरीला अर्धंच सांगितलं आपण."

"आपण?"

"मी," ती म्हणाली.

लेक तिच्याकडे ज्या कौतुकाने बघायची, ते कौतुक आता जाणार, हे तिला कळत होतं. जाऊ दे गेलं तर. सुरुवात रेडिओपासूनच करायची, आधी मास्तरांच्या आड लपायचं नाही, असं ठरवून तिने लेकीचा नंबर लावला.