अनंताच्या कुंडीचं भोक

अनंताची पानं पिवळी पडायला लागली ती घरात सगळ्यांना आधी दिसली, मला शेवटी. म्हणजे दिसली मलाही होती. पण मी म्हटलं, उन्हाळा आहे, पान पिकणारच. माणूस पिकतो, पान पिकतं. त्यात वाकून वाकून काय बघायचं?

बायको दिवसभर गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. गुडघे गेलेत, खाली उतरता येत नाही. कुंडी तिच्या हाताला लागेल अशी ठेवली होती. तिने एक पान बोटांत धरलं आणि म्हणाली, "अवो, याला काय तरी होतंय."

"काय नाय होत. तू त्याला सारखी चिवडू नको."

"मी नाय चिवडीत. हात लावला का गळून पडतंय."

तो अनंत तिचा. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या झाडाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आमच्या न्हाणीच्या मागे सांडपाण्याच्या कडेला लावली. बघता बघता झाड पत्र्याच्या वर गेलं. पुढे विमानतळ आला. तिचं माहेर गेलं, आमचं गावही गेलं. जिथे न्हाणी होती, जिथे तिच्या बापाचं अंगण होतं, तिथे आज सपाट जमीन आहे, बोट दाखवायला एक दगड उरला नाही. घर सोडायच्या दिवशी माणसं भांडी बांधत होती, ही विळा घेऊन झाडापाशी गेली. पुन्हा एक फांदी, पुन्हा ओलं फडकं. तशी ती फांदी नवीन पनवेलला चौथ्या मजल्यावर आली आणि कुंडीत जगली. माहेर म्हणून तिच्याकडे उरलं ते तेवढंच.

आमच्यात गौर तेरड्याची करतात. तिला साडी नेसवली की डोक्यात अनंताचं फूल घालायचं, हा बायकोचा नेम. गौर माहेराला येते, मग तिला माहेरचंच फूल पाहिजे, असं तिचं म्हणणं. लग्न झाल्यापासून तो नेम चुकला नव्हता. फ्लॅटमध्ये आल्यावरसुद्धा गौरीपुरती दोन फुलं यायचीच.

यंदा होळीनंतर मुलगा म्हणाला, कुंडी लहान पडते, मुळं बाहेर आलीत. त्याने मोठी कुंडी आणली आणि मातीची पिशवी फोनवरून मागवली. सेंद्रिय माती म्हणे. शेणखत, गांडूळखत, नारळाचा भुसा, निंबोळीची पेंड, सगळं आतच. मी हातात घेतली. काळी, भुसभुशीत, तूप लावल्यासारखी. जन्मभर शेतात राबलो पण असली माती पायाखाली आली नव्हती. म्हटलं, हिच्यात दगड लावला तरी पालवी फुटेल.

लावला मी, माझ्या हाताने. पाणी घातलं तसं खालच्या भोकातून चहासारखं पाणी वाहिलं. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरची बाई वर आली.

"काका, माझ्या पांढऱ्या चादरी बघा येऊन. कुणी चहा सांडल्यासारख्या झाल्यात."

सून तिची माफी मागत होती. मला ते आवडलं नाही. ती गेल्यावर मी कुंडी आडवी केली आणि भोक बुजवलं.

हे नीट सांगायला पाहिजे. भाताच्या शेताला बांध असतो. खेकडा बांधाला भोक पाडतो आणि सकाळपर्यंत शेत कोरडं होतं. पाणी जातं आणि पाण्याबरोबर खतही जातं. ज्याच्या बांधाला भोक त्याला गाव हसतं. माझा बाप सकाळी उठून आधी बांध फिरायचा, मग तोंड धुवायचा. भोक दिसलं की चिखलाचा गोळा, त्यात पेंढा, आणि वर टाच. मी तेच केलं. चिकणमाती आणली, सुताची चिंधी कालवली, आणि टाच मारायला जागा नव्हती म्हणून अंगठ्याने ठासलं. थेंब गळला नाही. खालची बाई गप्प झाली आणि खतही कुंडीतच राहिलं. मी खूश होतो.

मग पानं पिवळी व्हायला लागली.

सुनेने मोबाइलने पानाचा फोटो काढला. "बाबा, यात दाखवतंय नायट्रोजन कमी आहे. खत द्या म्हणतंय."

मी म्हटलं, हे सांगायला मोबाइल कशाला पाहिजे? भात पिवळा पडला की आम्ही खत टाकायचो, आठवड्यात रान हिरवं. पिवळं म्हणजे भुकेलं, हे चौथीत शाळा सोडलेल्यालाही कळतं. मग गांडूळखताची अजून एक पिशवी आली. वरून शेण भिजवून घातलं. पाणी सकाळी आणि संध्याकाळी. पानं अजून पिवळी झाली. आधी खालची, मग मधली, मग शेंड्याची.

आमच्या मजल्यावर समोर एक घाटावरचे गृहस्थ राहतात. सरकारी नोकरीतून सुटले, माझ्यापेक्षा थोडे लहान. सगळ्यात बोलायची सवय. ते येऊन कुंडीशी वाकले, मातीत बोट घातलं आणि म्हणाले, "दादा, हिला वाफशावर येऊ द्या."

"काय येऊ दे?"

"वाफसा. म्हणजे मातीत ओल पाहिजे आणि हवाही पाहिजे. मूठ दाबली तर गोळा व्हावा, टिचकी मारली तर फुटावा. हा तर चिखल आहे."

मी शब्द पहिल्यांदा ऐकला. सत्तरी ओलांडली तरी आमच्या शेतात तो कुणाच्या तोंडी आला नव्हता. मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडं पाणी नाय, म्हणून तुमी असले शब्द काढलेत."

ते हसले. "तुमच्याकडे पाणी आहे ना, म्हणून तुमच्याकडे शब्द नाही."

बायकोही हसली, ते मला लागलं. ते जाता जाता म्हणाले, "खालचं भोक मोकळं आहे ना?"

"आमाला भोकं शिकवू नका," मी म्हटलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. भोक बुजवताना ती तिथेच बसलेली होती. घरातला माणूस परक्यापुढे पडू देत नाहीत आमच्यात बायका.

तरी मला राहवलं नाही. खिशात चार पानं टाकून मी पळस्प्याच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने पानं उन्हात धरली. "शिरा हिरव्या राहून मधलं पिवळं असतं तर लोह कमी म्हटलं असतं. फक्त खालची गेली असती तर नत्र. ही सगळीच गेलीत आणि फडक्यासारखी लोंबतायत. आजोबा, भूक नाही ही. बुडालंय झाड."

"आमच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलंय ते. पाण्यानं नाय बुडत."

"तिथे पाणी पुढे जात होतं ना? इथे कुठे जाणार? कुंडी उपडी करून मुळं बघा. काळी दिसली तर सडली समजा."

सडली. आमच्या घरी सडणं म्हणजे उखळात तांदूळ कांडायचा. कोंडा काढून पांढरा स्वच्छ करायचा. माझ्या आईचे हात त्यात गेले. त्याच शब्दाने त्याने माझ्या झाडाला मेलेलं ठरवलं आणि मला राग आला. मी पानं तिथेच टाकून आलो. घरी येऊन कुंडी उपडी केली नाही. लावणी केली की रोप उपटून बघायचं नसतं; जो उपटून बघतो त्याचं पीक लागत नाही. हे मला बापाने शिकवलं होतं आणि ते खरं आहे. चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. शेतात ते बरोबरच होतं.

श्रावणात तीन कळ्या आल्या. त्या पिवळ्या झाडावर कळ्या बघून मी समोरचं दार मुद्दाम वाजवलं. "या साहेब, बघा तुमचा वाफसा." ते आले, बघितलं, आणि हळूच म्हणाले, "झाड जायच्या आधी कधी कधी असं करतं, दादा." मी दार लावून घेतलं.

बायको सकाळ-संध्याकाळ बोटाने कळ्या चाचपायची. नजर अधू झालीये तिची. एका सकाळी तिने मूठ माझ्यापुढे उघडली. कळ्या तीनही, देठाला पिवळ्या, न उमलता गळलेल्या.

मुलगा म्हणाला, "आई, बाजारात मिळतो अनंत. गौरीला मी आणतो."

"बाजारातलं माहेर नको मना," ती म्हणाली.

त्या दुपारी मी वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. माती सुटी झालीच नाही. अख्खा गोळा निघाला, कुंडीच्या आकाराचा, चकचकीत. आणि वास आला. खाडीला ओहोटी लागल्यावर खाजणातल्या चिखलाचा येतो तो. मी त्या वासात जन्मलो, तो मला कधी घाण वाटला नाही. चौथ्या मजल्यावर, फरशीवर, तो वास आला. मूळ धरून ओढलं तर वरची साल बोटांत आली आणि आत नुसता दोरा राहिला.

शेंड्याला वीतभर फांदी अजून हिरवट होती. मी ती कापली, फडकं ओलं केलं, गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली. "तू लाव. तुझ्या हातानं लागतो."

"माझे हात थरथरतात आता. तुमीच लावा."

समोरच्या गृहस्थांकडून वाळू आणली. त्यांनी घमेलं भरून दिलं. जुन्या छोट्या कुंडीत लावली, भोक मोकळं ठेवून, मूठ दाबून, टिचकी मारून, सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. फांदी आठवडाभर तशीच राहिली. मग खालून काळी पडत वर गेली.

गौर आली. सुनेने साडी नेसवली, दागिने घातले, कपाळावर कुंकू लावलं. सगळं झाल्यावर तिने सासूकडे बघितलं, दरवर्षी फूल द्यायची ती वेळ म्हणून. बायकोने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. गौर तशीच बसली आणि तिसऱ्या दिवशी तशीच गेली.

मोठी कुंडी अजून गॅलरीतच आहे. चिखल टाकायचा कुठे म्हणून परत तिच्यातच भरला. आणि सकाळी ध्यानात येईपर्यंत हात तांब्याकडे गेलेला असतो, पाणी घालून झालेलं असतं. भोक बुजलेलंच. वर बोटभर पाणी उभं राहतं, त्यात गॅलरीचं ग्रील दिसतं.

परवा बायको बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढा चिखल करून ठेवलाय तर भात तरी पेरा त्यात."

मला वाटलं चेष्टा करते. बघितलं तर ती हसत नव्हती.

घरात भाताचं बी नाही. शेत गेलं तेव्हाच तेही गेलं. डब्यात तांदूळ आहे, पण तो सडलेला. सडलेला उगवत नाही.