डावं सॉकेट, उजवं सॉकेट

प्यो जोम-रेबाई कुणावर विश्वास ठेवत नाहीत, हे सोलच्या सेउन आर्केड या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं कुणी वाईटही वाटून घेत नाही. दोन मिनिटांसाठी नळावर गेल्या तरी त्या गाळ्याला कुलूप लावून जातात. शेजारचा नो ब्योंग-थे अठरा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो, त्याच्यासमोरही.

बाईंच्या गाळ्यात दुसरा माणूस उभा राहू शकत नाही. धंदा एकच, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, जोड्या लावणं. हे व्हॉल्व्ह दोघं मिळून स्पीकर ढकलतात. एकाने जास्त करंट ओढला, दुसऱ्याने कमी, की स्पीकर गुणगुणू लागतो. कारखान्यातून निघालेल्या शंभर नगांत दोन सारखे सापडतील याची खात्री नसते. म्हणून बाई आपल्या तपासणीच्या पेटीत दोन-दोन व्हॉल्व्ह शेजारी बसवतात, अर्धा तास तापू देतात आणि दोन्ही काटे वाचतात. काटे जुळले की जोडी ठरली. एक रशियन, एक चिनी असला तरी त्यांची हरकत नसते. मग बुडाच्या कडेला पांढऱ्या रंगाने काट्याचा आकडा आणि पुढे नगाचा क्रमांक: ३७-१, ३७-२. आर्केडमधले लोक त्यांना ‘पत्रिका बघणारी’ म्हणतात. हा आकडा दिसला की दुकानदार पुन्हा तपासत नाहीत. इंचॉनच्या हौशी संगीतप्रेमींच्या मंडळातले लोक तर फोनवर जोडी मागवतात.

संशयाला कारण आहे. आपला म्हातारा व्हॉल्व्ह बाईंचा आकडा रंगवून परत आणायचा आणि ‘बिघडलाय’ म्हणून नवा न्यायचा, असं दोघा गिऱ्हाइकांनी करून पाहिलं होतं. तेव्हापासून त्या बुडाखाली सुईने एक बारीक ओरखडा काढतात. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी योम दोक-सू आले. इंचॉनला भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्याच मंडळातले.

“बाई, स्पीकर गुणगुणतोय. तुमची जोडी घातल्यापासून.”

“गुणगुणू दे की, मास्तर. फुकटचं गाणं.”

“माझ्या मीटरवर एक सदतीस दाखवतो, दुसरा बत्तीस.”

“तुमच्या मीटरला विचारून मी आकडे घालत नाही.”

बाईंनी व्हॉल्व्ह घेतले, ते पुसायच्या निमित्ताने उलटे केले. ओरखडे जागेवर होते. पेटीत बसवले, अर्धा तास तापू दिले आणि पेटी योमकडे वळवली. सदतीस, सदतीस.

“चष्मा लावून बघा.”

“मग माझ्या घरी काय भूत बसलंय?”

“मास्तर लोकांची पेपर तपासायची खोड जात नाही, ताई,” पलीकडून ब्योंग-थे म्हणाला.

योमनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “तुम्हाला वाटतंय मी काहीतरी लबाडी करतोय.”

बाईंनी व्हॉल्व्ह पेटीतून काढून त्यांच्यासमोर ठेवले. योमनी व्हॉल्व्ह खोक्यात भरले. “गुरुवारी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतो.”

ते गेल्यावर बाईंनी हिशेब मांडला. व्हॉल्व्ह आपलेच, म्हणजे त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर खराब. पण अ‍ॅम्प्लिफायर चांगला निघाला तर पांढरा आकडा खोटा, आणि मंडळात ते कळायला एक दिवस पुरेल. त्यानंतर न तपासता जोडी कोण नेणार? आकडा सोडला तर बाईंजवळ विकायला तेच व्हॉल्व्ह उरतात, जे खाली पहिल्या मजल्यावरही मिळतात.

गुरुवारी योमनी वीस किलोंचं धूड दुलईत गुंडाळून ढकलगाडीवरून आणलं, सोबत आपला मीटरही. बाईंनी आधी तळाचे स्क्रू नुकते कुणी फिरवलेत का ते पाहिलं. फिरवलेले नव्हते. ब्योंग-थेच्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर तापला. सदतीस, बत्तीस. गुणगुण सगळ्यांना ऐकू आली.

मग बाईंनी या धंद्यात जो-तो करतो तेच केलं. दोन्ही व्हॉल्व्हच्या जागा बदलल्या. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्हचा, जागेवर राहिला तर यंत्राचा. बत्तीस सरकले. यंत्र निर्दोष होतं.

बाईंची नजर ब्योंग-थेकडे गेली. वसंतात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तीन दिवस आल्या नव्हत्या आणि गाळ्याची किल्ली नाइलाजाने त्याच्याकडे दिली होती.

“माझ्या पेटीला हात लावला होतास?”

“तुमच्या पेटीला हात लावायचा तर आधी मृत्युपत्र करावं लागेल, ताई.”

“बाई,” योम शांतपणे म्हणाले, “पेटीतही जागा बदलून बघा ना.”

तेवीस वर्षं एक नंबर डावीकडे आणि दोन नंबर उजवीकडे. जोडी परत आली तरी तशीच बसायची, आकडाच तसं सांगायचा. गिऱ्हाइकाच्या यंत्रात त्यांनी हजारदा अदलाबदल केली असेल, स्वतःच्या पेटीत एकदाही नाही. बाईंना राग आला, पण समोर चार माणसं जमली होती.

अर्ध्या तासाने काटे थांबले. डावीकडे बत्तीस, उजवीकडे त्रेचाळीस. उजवं सॉकेट आकडा फुगवून सांगत होतं.

ब्योंग-थेने पेटी उघडली. उजव्या सॉकेटमागचा एक रेझिस्टर तपकिरी पडला होता. दहा ओहम असायला हवा होता, साडेअकरा भरला; त्याच प्रमाणात काटाही जास्त चढत होता.

“हा एका दिवसात नाही चढत,” तो म्हणाला. “तापून तापून वर्षानुवर्षं.”

“कधीपासून?” योमनी विचारलं.

“माहीत नाही.” हे दोन शब्द बाईंनी त्या गाळ्यात याआधी कुणाला ऐकवले नव्हते.

ब्योंग-थेने दोन्ही बाजूंचे रेझिस्टर बदलले. सोल्डर करता करता हळूच म्हणाला, “मास्तरांना नवी जोडी द्या आणि विषय मिटवा. बोभाटा केलात तर उद्या माझ्या ट्रान्सफॉर्मरवरही लोक शंका घेतील.”

बाईंनी योमकडे बघितलं. हा माणूस गप्प बसेल का, याचा त्या अंदाज घेत होत्या. बसणार नाही असं त्यांना वाटलं. की आणखी काही वाटलं, ते त्या अजूनही सांगत नाहीत. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्याच पांढऱ्या रंगाने लिहिलं: ‘माझा आकडा असलेली जोडी घेऊन या. दोन्ही सॉकेटांत, तुमच्यासमोर तपासेन. चुकली असेल तर बदलून देईन.’ खाली नाव घातलं आणि पुठ्ठा गाळ्याच्या तोंडाशी टांगला.

“आता चोरसुद्धा रांगेत येतील, ताई.”

“येऊ देत. माझे व्हॉल्व्ह मी ओळखते.”

योमसाठी नवी जोडी लावायला दुपार गेली. डावीकडे-उजवीकडे छत्तीस, छत्तीस. जागा बदलून पुन्हा छत्तीस, छत्तीस. योमनी मान डोलावली, पण जोडी खोक्यात ठेवली नाही. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवली. पूर्वी असं कुणी केलं असतं तर बाईंनी त्याला दुसरा गाळा दाखवला असता. आज त्यांनी आपलं स्टूल योमकडे सरकवलं आणि मागे उभ्या राहिल्या. योमच्या मीटरचा काटा चढताना दोघं बघत होते.

“मास्तर,” बाईंनी विचारलं, “हा मीटर शेवटचा कधी तपासून घेतलात?”