बँडवाल्यांच्या फोटोवर लावलेली बोली

सन दोन हजार चार. माझं वय सदुसष्ट. पलटणीच्या बँडात कॉर्नेट फुंकून रिटायर झालो होतो आणि चंदीगडला मुलाकडे राहत होतो. मुलगा इथं मोठ्या दवाखान्यात डॉक्टर, सून पंजाबी, कॉलेजात शिकवायची. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नाही, पण जॅझच्या जुन्या लाखेच्या तबकडीचं लेबल मी लांबून ओळखतो. हे वेड मला बापामुळं लागलं.

बाप मिरजेहून मुंबईला गेला आणि तिथं गोऱ्यांच्या हॉटेलात जॅझ बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, असं आई सांगायची. मी सात वर्षांचा असताना तो वारला. त्याला वाजवताना मी कधी ऐकलं नाही. पण पुढं पलटणीत, सोयरिकीत, जिथं उभा राहीन तिथं छाती काढून सांगितलं, "आमच्या बापाच्या ट्रंपेटवर साहेब लोक नाचायचे!" एका लग्नाच्या पंगतीत सख्खा चुलता सगळ्यांदेखत हसला. "वाजवतोय कसला? पेट्या उचलायचा तो बँडवाल्यांच्या!" मी भरल्या ताटावरून उठलो. त्या घरचं पाणी परत प्यालो नाही. पण ते बोलणं पोटात राहिलं ते राहिलंच.

सुनेनं घरी इंटरनेट आणलं आणि मला लिलाव दाखवला. जगभरचे लोक तबकड्या, बँडचे फोटो, जुनी तिकिटं मांडतात. आपण घरबसल्या बोली लावायची. ती वाचायची, मी चित्रं बघायचो. बऱ्याच तबकड्या अशा मिळवल्या. एके दिवशी कुणा विलायतेतल्या माणसानं एक तबकडी मांडली, सोबत तिच्या बँडचा फोटो. सुनेनं हॉटेलचं नाव वाचलं आणि मी खुर्ची पुढं ओढली. आई सांगायची तेच हॉटेल.

फोटो काडेपेटीएवढा. पांढऱ्या कोटातली माणसं वाद्यं घेऊन बसलेली, कडेला आणखी काहीतरी काळं. "मोठा कर," मी म्हटलं. मोठा केला तर तोंडांचे नुसते चौकोन झाले. ट्रंपेटवाल्याचं तोंड म्हणजे एक तपकिरी ठिपका.

लिलाव रविवारी दुपारी संपायचा होता. बाहेर धुकं, आत हीटर.

"लाव बोली."

"अभी नहीं, पापाजी. अभी बोलेंगे तो सामनेवाला जाग जाएगा. बिल्कुल आख़िर में."

"आणि लाईट गेली तर?"

"नहीं जाएगी."

"तुझ्या बापाचं आहे काय वीज मंडळ?"

ती हसली. मला हसू येत नव्हतं. त्या तबकडीवर आधीच कुणीतरी बोली लावून बसला होता. त्याचं तोंड दिसत नाही, मुलूख कळत नाही, पण माझ्या बापावर हात ठेवून बसलाय एवढं मला दिसत होतं.

वेळ सरत आली तशी दुसरीच भीती वर आली. हरलो तर बाप जन्मभर ट्रंपेट वाजवतच राहणार. कुणी विचारायला येत नाही. जिंकलो तर ते चौकोन खरी तोंडं होऊन माझ्या घरी येणार. माझा हात आपोआप उठला. तिला थांबवायला उठला, हे आज लिहितो. तिला वाटलं, मी घाई करतोय. तिनं बटण दाबलं.

"मिल गया, पापाजी!"

मी पाणी मागितलं.

फेब्रुवारीत पार्सल आलं. मी ते कपाटावर ठेवलं. "थंडीत लाख तडकते, राहू दे," म्हटलं. थंडी सरली, ऊन तापायला लागलं, तरी पार्सल तिथंच. शेवटी एका संध्याकाळी सून कात्री घेऊनच आली.

"डर रहे हैं क्या?"

"मी? पलटणीतला माणूस आहे मी. आण इकडं."

तबकडी शाबूत होती. तिच्याकडं मी बघितलंच नाही. फोटो पुठ्ठ्यात पालथा होता. सुलटा केला. ट्रंपेटवाला जाड मानेचा, कुणी परका. एकेक तोंड भिंगातून तपासत कडेला आलो. तिथं पांढरा कोट नाही, साधा काळा सदरा, पायाशी वाद्यांच्या दोन पेट्या. आईच्या ट्रंकेत बापाचा एकुलता एक फोटो होता, त्यातलंच हे तोंड. माझ्यासारखेच बाहेर आलेले कान.

"दादाजी कौन से हैं?" सुनेनं विचारलं.

वाटलं, जाड मानेवर बोट ठेवावं. कुणाला कळणार आहे? बोट तिकडं निघालंही. पण बाप सरळ माझ्याकडं बघत होता. मी कडेला बोट ठेवलं.

तिनं भिंग घेऊन वाकून पेट्या बघितल्या. मग म्हणाली, "इनके बिना वो लोग बजाते क्या? सामान तो सारा इन्हीं के पास था."

"समजूत घालू नको माझी," मी म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मी बावीस सेक्टरात फोटोवाल्याकडं गेलो. मोठा करून फ्रेम करायला सांगितलं. त्यानं फोटोवर पट्टी ठेवली. "अंकलजी, ये साइडवाला काट दूँ? बैंड का तो लगता नहीं. फ्रेम सीधी बैठेगी."

मी त्याची पट्टी बाजूला सारली.

"काटना है तो ढोलवाले को काटो," मी म्हटलं. "वो मेरा कोई नहीं लगता."

आणि प्रिंट निघेपर्यंत त्याच्या कात्रीवरची नजर हलवली नाही.