आलं का?

आमच्या गावची ॲक्युपंक्चरवाली छू सूयुन सुई टोचली की विचारायची, "आलं का?" जड वाटलं, मुंग्या आल्या किंवा आत काही ओढल्यासारखं झालं की आम्ही म्हणायचो, "आलं." मगच ती पुढची सुई घ्यायची. सुई नेमकी लागली की नाही, हे टोचून घेणाराच सांगणार, असं तिला वडिलांनी शिकवलं होतं.

गावकऱ्यांनाच जुजबी उपचार शिकवून 'अनवाणी डॉक्टर' करायचे, त्या काळात आमच्या शेती-कम्यूननं तिच्याकडे बारा जण शिकायला धाडले. त्यांत लुआन ग्वांगपिंगचा हात फार थरथरे. महिनाभर त्यानं मुळ्यात सुया खुपसल्या. मग तिनं स्वतःची बाही वर केली. तिचा हात कोपरापर्यंत निळा पडला होता, मी पाहिलाय. तो मुकाट्यानं टोचायचा आणि ती म्हणायची, "अरे, विचार की मला. मी काय मुळा आहे?"

पुढे कायदा आला. पदवी नसेल त्यानं परीक्षा द्यायची, नाहीतर सुई खाली ठेवायची. सूयुन तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. सुई टोचायच्या अंगावरच्या तीनशे साठच्या वर जागा तिला बोटांनी पाठ होत्या, पण लिहिता येत नव्हत्या. मी गावचा शाळामास्तर; एक हिवाळाभर ती माझ्याकडे येऊन त्यांची नावं गिरवत बसली. लेखी परीक्षा पास झाली.

प्रात्यक्षिक रबरी बाहुल्यावर होतं. मी उघड्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. तिच्यासमोर तीन परीक्षक, मधला लुआन, आता तालुक्याच्या इस्पितळातला विभागप्रमुख. पाच जागा टोचायच्या होत्या. सूयुननं गुडघ्याखाली पहिली सुई घातली आणि सवयीनं विचारलं, "आलं का?"

आणि ती थांबली. उत्तर आल्याशिवाय तिचा हात पुढे जाईना.

तरुण परीक्षक हसला. "आजी, त्याच्यात सेल घालायचे राहिलेत."

तिनं मधल्या खुर्चीकडे पाहिलं. "ग्वांगपिंग, तू सांग यांना."

लुआन कागदावरची नजर न काढता म्हणाला, "उमेदवारानं परीक्षकांशी बोलायचं नसतं."

वेळ संपली तेव्हा बाहुल्यात एकच सुई होती.

तिनं दारावरची पाटी काढली. लोक येतच राहिले. ती त्यांना गरम पाणी द्यायची आणि इस्पितळाचा रस्ता दाखवायची. अडलेल्यालाही तिनं परत सुई लावली नाही. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाली, "मास्तर, नापास झालेय मी."

चार वर्षांनी तिची उजवी बाजू लुळी पडली. त्याच इस्पितळात, लुआनच्याच विभागात तिला ठेवलं. मी बाजरीची पेज घेऊन गेलो तेव्हा तो तिला सुया लावत होता. भराभर, हात जराही न हलता. सुयांना विजेच्या तारा जोडल्या, यंत्रावर वीस मिनिटं लावली आणि पुढच्या खाटेकडे वळला.

सूयुनचे शब्द जड झाले होते. "हात सुधारलाय त्याचा," ती म्हणाली.

मी दोन चमचे पेज भरवली.

"मी म्हटलं, आलं," ती म्हणाली. "पण त्यानं विचारलंच नव्हतं."