अंतरपाट कोण धरणार?

सदाशिव पेठेत आमच्याकडे हिंजवडीला नोकरी करणारी, विदर्भातली एक मुलगी भाड्याने राहायची. एकदा म्हणाली, "आजी, आम्ही पळून जाऊन कोकणात समुद्रावर लग्न करतोय. फोटोवालाही ठरवलाय."

"पळून जाताय, तर फोटो कोणाला दाखवणार?"

"आईला. बाबा तिला येऊ देणार नाहीत."

मला नवलच वाटलं. विचारलं, "अंतरपाट कोण धरणार?"

"एकीकडे गुरुजी, दुसरीकडे फोटोवाला."

"मग फोटो कोण काढणार, समुद्र?"

शेवटी मीच गेले. वाऱ्यात अंतरपाट धरून माझे हात भरून आले.

फोटो पाहून आईचा फोन आला. तिचा पहिलाच प्रश्न, "अंतरपाट इतका खाली कोणी धरला गं? तोंडं दिसली की एकमेकांची!"

मुलीने हसत फोन माझ्या हातात दिला.